क्रम कोण ठरवतं? बडोद्यातल्या एका दुर्मिळ लघुपट-खेळाचा प्रकरण अभ्यास

निमंत्रणपत्रिकेवर क्रम सनावळीने छापला होता. आधी दादासाहेब फाळके यांच्या मूकपटांचे उरलेले तुकडे, मग १९४० च्या दशकातला वार्तापट, त्यानंतर स्वातंत्र्यानंतरचे चार माहितीपट आणि शेवटी एका बडोदेकर कुटुंबाची घरगुती रिळं. एकूण सात बाबी, ८८ मिनिटं. खेळाच्या दिवशी मात्र माहितीपट आधी लागले आणि फाळके मध्यंतरानंतर आले. खेळ भरवणाऱ्या मंडळातल्या जुन्या सभासदांना ते रुचलं नाही. "इतिहास उलटा का दाखवता?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर प्रोजेक्टरच्या गेटमध्ये (दिव्यापुढे फिल्म जिथून सरकते ती खिडकी), दिव्याच्या ताकदीत आणि एका पुलीत होतं.

जागा दांडिया बाजारातलं २८० खुर्च्यांचं सभागृह. रंगमंच आहे, प्रोजेक्शनची खोली नाही. मल्टिप्लेक्सचा एक पडदा भाड्याने मिळत होता, पण तिथल्या खोलीत १६ मि.मी. रुंद फिल्मचा प्रोजेक्टर मांडायला जागा नव्हती आणि चार बाबी तर फिल्मवरूनच दाखवायच्या होत्या. तारीख जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली. उत्तरायणाच्या आठवड्यात बडोद्यात सगळे गच्चीवर असतात. त्यात शेजारच्या गच्चीवरचे स्पीकर मूकपटालाही आवाज देतात. मे महिन्यात चाळीस अंशांच्या पुढे गेलेल्या उन्हात जुन्या प्रिंटचा प्रवास कोणताही शहाणा संग्रह मान्य करणार नाही.

बडोद्याला या विषयाचं वावडं नाही. फाळके १८९० मध्ये इथल्या कलाभवनात चित्रकला आणि फोटोग्राफी शिकायला आले होते आणि पुढे गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ काढला होता. संस्थानाच्या ग्रंथालय खात्याची दृश्य-शिक्षण शाखा तर मॅजिक लँटर्न आणि सिनेमाची यंत्रं घेऊन गावोगाव फिरत असे. म्हणजे सभागृहात तात्पुरता प्रोजेक्टर मांडून माहितीपट दाखवणं ही इथे शंभर वर्षांची रीत आहे.

कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा, पण सगळ्यात आधी सुरू करायचा. संग्रहाकडे प्रिंट असणं आणि तिचे हक्क असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. संग्रह प्रिंट देतो, पण हक्कधारकाचं पत्र तुम्हालाच आणावं लागतं. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९५८ चा माहितीपट २०१८ अखेर मोकळा झाला. १९६८ चा रंगीत लघुपट २०२८ अखेरपर्यंत बांधलेला आहे. म्हणून त्या एकाच प्रिंटसाठी पत्रव्यवहार लांबला. तिकीट नाही म्हणजे खेळ खासगी, हा समज चुकीचा आहे. सार्वजनिक खेळ फुकट असला तरी सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं, नाहीतर केंद्र सरकारकडून सूट घ्यावी लागते. मंडळाने सूट मागणाऱ्या अर्जात घरगुती रिळंही घातली. ते बरं झालं, कारण नेमकी तीच यादीतून राहून जातात.

पत्रिकेवर सन छापताना जपून राहावं. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं उरलं आहे आणि तीही १९१७ च्या आवृत्तीची असल्याचं बरेच अभ्यासक मानतात. अशा तुकड्याखाली बिनदिक्कत १९१३ लिहिलं की जाणकार प्रेक्षक पत्रिका तिथेच मिटतो.

टेबलावर

चार प्रिंट गुरुवारी रात्री आल्या. डबे शुक्रवार सकाळपर्यंत उघडले नाहीत. थंड कोठारातून आलेला डबा गरम खोलीत लगेच उघडला तर फिल्मवर दव धरतं. मग दोन रिवाइंडर, खाली दिव्याची काच, भिंग, सुती हातमोजे आणि १६ मि.मी.ची छिद्रं पाडलेली सांध्याची टेप, एवढ्यावर दिवसभराचं काम.

पहिली परीक्षा फिल्म कशाची आहे याची. रीळ आडवं धरून त्याच्या बाजूने दिव्याकडे पाहायचं. उजेड झिरपला तर पॉलिएस्टर, काळं दिसलं तर अ‍ॅसिटेट. हे आधीच कळायला हवं, कारण पॉलिएस्टरवर फिल्म-सिमेंटचा (फिल्म चिकटवायच्या द्रवाचा) सांधा धरत नाही. शिवाय अडकलं तर पॉलिएस्टर तुटत नाही, प्रोजेक्टरचाच एखादा भाग मोडतो. चारही प्रिंट अ‍ॅसिटेटच्या निघाल्या.

सोयीसाठी त्यांना क, ख, ग, घ म्हणू. क ठणठणीत होती: ३९६ फूट, कृष्णधवल, आवाजासकट ११ मिनिटं. (१६ मि.मी.च्या एका फुटात ४० फ्रेम असतात. सेकंदाला २४ च्या वेगाने मिनिटाला ३६ फूट जातात. हा आकडा पाठ असला की फुटांवरून वेळ तोंडी निघतो.) ख मध्ये ६४, १४० आणि २१२ फुटांवर छिद्रांच्या कडा फाटलेल्या होत्या; त्या टेपने सांधल्या. ग ही १९६८ ची रंगीत प्रिंट गुलाबी पडली होती. त्या काळच्या ईस्टमनकलर प्रिंटमध्ये निळसर-हिरवा रंग आधी उडतो आणि लाल मागे राहतो. आभाळ गुलाबी, झाडं विटकरी. याला प्रोजेक्टरवर इलाज नाही. लेन्सपुढे निळा फिल्टर धरण्याची सूचना आली होती, पण उडालेला रंग फिल्टरने परत येत नाही, फक्त चित्र अंधारतं. प्रेक्षकांना आधी एका वाक्यात सांगणं हेच बरं.

घ चा डबा उघडताच आंबट वास आला, लोणच्याच्या बरणीत सिरका जरा जास्त पडल्यासारखा. अ‍ॅसिटेटचा पाया विघटित होऊ लागला की अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं आणि सुटलेलं आम्लच पुढचं विघटन वेगाने करतं. डब्यात आम्लमापक कागदी पट्टी ठेवून तो २४ तास बंद ठेवला. निळी पट्टी दुसऱ्या दिवशी पिवळसर हिरवी झाली होती, तक्त्यावर २. दीडच्या पुढे ही साखळी स्वतःच वेग धरते.

पण पट्टी पायाची तब्येत सांगते; फिल्म चालेल की नाही हे आकसण्यावरून ठरतं. त्यासाठी पोलादी पट्टी लागते. १६ मि.मी.च्या नव्या प्रिंटमध्ये एका छिद्रापासून पुढच्या छिद्रापर्यंत ७.६२ मि.मी. असतात, म्हणजे १०० छिद्रांना ७६२. डबा पट्टीसाठी बंद करण्याआधीच घ ची १०० छिद्रं सपाट टेबलावर, ताण न देता मोजली होती: ७५३. म्हणजे सुमारे १.२ टक्के आकस. एक टक्क्याच्या पुढे प्रोजेक्टरचा पंजा छिद्रात न बसता छिद्राच्या कडेवर बसतो. आधी खडखड, मग लूप (गेटच्या वर-खाली फिल्मला दिलेला सैल वळसा) जाणं, मग सलग फाटत जाणारी कड. घ चालवायची नाही, असं शुक्रवारी दुपारी ठरलं. त्याच लघुपटाची डिजिटल प्रत मिळाली म्हणून निभावलं. घ चा डबा इतर तिघींपासून दूर, वेगळ्या खोलीत ठेवला. आम्लाची वाफ शेजारच्या रिळालाही लागते.

पुलीचा घोळ

मूळ बेत दोन प्रोजेक्टरचा होता. एकावर रीळ संपत आलं की दुसरा सुरू, मध्ये अंधार नाही. पहिला इथलाच, दुसरा एका संग्राहकाकडून आणलेला अमेरिकी. सोबत ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर होता, त्यामुळे सगळे निर्धास्त.

शनिवारच्या तालमीत क दुसऱ्या यंत्रावर लावली. चित्र स्वच्छ, पण निवेदकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. मध्यंतरानंतर साथ करायला आलेल्या हार्मोनियमवाल्यांनी पार्श्वसंगीत दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "अहो, पट्टी उतरलीये. चांगली तीन सुरांनी."

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ, म्हणजे विजेची सेकंदातली आवर्तनं, बदलत नाही. ६० हर्ट्झसाठी घडवलेली सिंक्रोनस मोटर आपल्या ५० हर्ट्झवर सहा भागांतले पाचच वेगाने फिरते. सेकंदाला २४ ऐवजी २० फ्रेम. आवाज फिल्मच्या कडेवरच छापलेला असल्याने तोही तेवढाच मंदावतो आणि काळी एकमधलं गाणं काळी पाचला उतरतं. खातरजमेसाठी ३६ फूट कोरा लीडर (चित्र नसलेली फिल्म) कापून चालवला. ६० सेकंद लागायला हवे होते, लागले ७२. इलाज ५० हर्ट्झची मोटरपुली, ती शनिवारी संध्याकाळी मंगळ बाजारात मिळत नाही. (ज्या यंत्रांत वेग इलेक्ट्रॉनिक पद्धतीने राखला जातो त्यांना ही अडचण येत नाही. म्हणून यंत्र उसनं आणण्याआधी मागच्या पट्टीवर हर्ट्झ वाचावं. फोनवर फोटो मागवला तरी पुरतं.)

एक यंत्र बाद झालं. म्हणजे प्रत्येक प्रिंटनंतर उतरवणं, नवी चढवणं, वरचा-खालचा लूप घेणं, आवाजाच्या ड्रमवर ताण पाहणं. सराईत हाताला तीन मिनिटं. तिन्ही प्रिंट एकाच मोठ्या रिळावर जोडून टाकाव्यात, असं कोणीतरी सुचवलं. संग्रहाच्या प्रिंटला असं जोडता येत नाही. लीडर कापायला करारातच मनाई असते, आणि ती योग्य आहे. दर खेळाला दोन फ्रेम गेल्या तरी वीस खेळांत एक प्रसंग लंगडा होतो.

उजेडाचा हिशेब

१६ मि.मी.च्या गेटची रुंदी ९.६५ मि.मी. पडद्यावरची रुंदी म्हणजे अंतर गुणिले ९.६५ भागिले लेन्सचं फोकल अंतर. मागच्या भिंतीपासून पडदा १५.५ मीटरवर, लेन्स ५० मि.मी.ची: चित्र ३ मीटर रुंद. ३८ ची लेन्स लावली तर जवळजवळ ४ मीटर. मंडळाला अर्थातच ४ हवं होतं. लक्समीटर (उजेड मोजायचं यंत्र) मध्यभागी धरून, फिल्म न लावता, दोन्ही मोजलं. ३ मीटरला ७० लक्स, ४ मीटरला ४० च्या आत. सिनेमागृहाचं प्रमाण साध्या पांढऱ्या पडद्यावर सुमारे १७० लक्स असतं. २५० वॉटच्या हॅलोजनकडून ते होणार नाही. तरी ७० मध्ये अंधाऱ्या हॉलात चेहरे दिसतात, ४० मध्ये मिशा दिसतात आणि डोळे दिसत नाहीत. चित्र ३ मीटरचंच राहिलं.

डिजिटल प्रोजेक्टर ५००० लुमेनचा होता. दोन्ही चित्रांची उंची सारखी, २.२५ मीटर ठेवली. १६:९ च्या पूर्ण चौकटीत त्याचा उजेड ५५० लक्सच्या वर, म्हणजे फिल्मच्या आठपट. अशा पडद्यावर दहा मिनिटं डिजिटल पाहून लगेच १६ मि.मी. लावली तर प्रेक्षकाला वाटतं दिवा गेला. बुबुळ आकसलेलं असतं, सरावायला काही मिनिटं लागतात आणि तेवढ्यात लघुपट अर्धा होतो. उलट दिशेने, मंद चित्राकडून उजळ चित्राकडे जाताना, कोणी तक्रार करत नाही.

क्रम इथे ठरला. सनावळीने गेलं असतं तर डिजिटल, फिल्म आणि पुन्हा डिजिटल असं झालं असतं, शिवाय साथीदारांना दोनदा बसा-उठायला लागलं असतं. म्हणून आधी क, ख, ग फिल्मवरून, मधल्या तीन-तीन मिनिटांत निवेदन, मग घ ची डिजिटल प्रत आणि वार्तापट, दोन्ही आवाजाचे, मध्यंतर, मग फाळके आणि घरगुती रिळं, दोन्ही मूक, साथ एकदाच मांडलेली. डिजिटलचा दिवा इको मोडवर टाकून ३५० पर्यंत आणला आणि लेन्सपुढे चार बोटं अंतरावर एका स्टॉपचा, म्हणजे उजेड निम्मा करणारा, करडा काचेचा फिल्टर उभा केला: १७५. जिलेटिनचा फिल्टर इथे वापरू नये, उष्णतेने वाकतो.

प्रोजेक्टर पडद्यापेक्षा खाली असल्याने चित्र वर रुंद, खाली अरुंद पडत होतं. १६ मि.मी.च्या यंत्रात ते सरळ करायचं बटण नसतं. पडद्याची वरची कड सुमारे २० सें.मी. पुढे ओढून तो किरणाला काटकोनात आणला. पंखे जानेवारीमुळे बंदच होते, पण बंद पंख्याचीही सावली पडते. पुढच्या रांगेवरचे दोन उतरवावे लागले. पश्चिमेच्या झडपांतून साडेसहापर्यंत उजेड येत होता, म्हणून खेळ सातला. आणि प्रोजेक्टरचा आवाज हॉलच्या मिक्सरला जोडताच ५० हर्ट्झची घरघर सुरू झाली. मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातल्यावर थांबली.

हरवलेली सहा मिनिटं

घरगुती रिळं साध्या ८ मि.मी.ची, ५० फुटांची चार. पन्नाशीच्या दशकातलं सूरसागरवरचं गणपती विसर्जन, एक मुंज, कमाटी बागेतली सहल. कुटुंबाने ती पूर्वीच डिजिटल करून घेतली होती. फाइल १० मिनिटं ४० सेकंदांची.

८ मि.मी.च्या एका फुटात ८० फ्रेम, म्हणजे ५० फुटांत ४०००. कॅमेरा सेकंदाला १६ फ्रेमचा, तर एक रीळ २५० सेकंद चालायला हवं. चार रिळं १६ मिनिटं ४० सेकंद. सहा मिनिटं गेली कुठे? करून देणाऱ्याने फ्रेमला फ्रेम स्कॅन करून फाइल सेकंदाला २५ ने बांधली होती. काहीही कापलं नव्हतं, सगळं फक्त दीडपटीहून वेगाने पळत होतं. मुंजीतला बटू पळत भिक्षा मागत होता आणि लोक हसत होते. जुन्या फिल्ममधली माणसं तुरुतुरु चालतात हा समज अशाच फायलींमुळे रुजला.

दुरुस्ती सोपी आहे. २४ च्या फाइलमध्ये १६ चा वेग हवा तर दर दुसरी फ्रेम दोनदा द्यायची, दोनाच्या तीन. १८ हवा असेल तर दर तिसरी, तिनाच्या चार. बारीक झटका जाणवतो, पण माणसं माणसांसारखी चालतात. १६ हाच वेग बरोबर का, हे विसर्जनाच्या दृश्यावर तपासलं: मूर्ती पाण्यात सोडल्यावर उडालेलं पाणी खाली येतं तो क्षण. चालणं माणसागणिक बदलतं, पडणारं पाणी बदलत नाही. ढोलाच्या टिपरीचा नेम नाही, तिच्यावर विसंबू नये. फाळक्यांच्या तुकड्यांची फाइल मात्र संग्रहाने आधीच १६ च्या हिशेबाने करून दिली होती.

साथीला हार्मोनियम आणि तबला. वेग पक्का झाल्याशिवाय साथीची टिपणं काढण्यात अर्थ नाही. जुन्या फाइलवर काढलेली सगळी पुन्हा करावी लागली. सिनेगीतांच्या चाली घ्यायच्या नाहीत, हे आधी ठरलेलं: गाण्याचे हक्क वेगळे. राग आणि स्वतःचे तुकडे पुरेसे झाले. वादकांच्या दिव्याला काळा पुठ्ठा गुंडाळून उजेड फक्त पेटीवर पडेल असं केलं.

खेळ

क निर्विघ्न. ख मध्ये सहाव्या मिनिटाच्या तोंडाशी चित्र उभं थरथरू लागलं: खालचा लूप गेला. ऑपरेटरने लूप परत घेणारी कळ दाबली, पाच-सहा सेकंदांत चित्र स्थिरावलं. अशा वेळी यंत्र थांबवण्याचा मोह होतो. दिवा चालू असताना फिल्म गेटमध्ये थांबली तर तीच फ्रेम फुगून जळू शकते.

कारण नंतर टेबलावर सापडलं. २१२ फुटांवरच्या सांध्याची टेप कापताना कडेला अर्धा मि.मी. जास्त राहिली होती. ६४ आणि १४० वरचे सांधे बोटाने चाचपून पाहिले होते, तिसऱ्याच्या वेळी जेवणाची हाक आली होती. सांधा डोळ्यांना बरोबर दिसतो. कडेवरून नख फिरवल्याशिवाय त्याचं खरं कळत नाही.

ग च्या आधी गुलाबी रंगाचं सांगितलं होतं, म्हणून हशा झाला नाही. मध्यंतरानंतर बाजूचं दार दोनदा उघडलं, चहावाल्याने. दाराला आतून काळा पडदा लावायचा राहिला होता.

प्रिंट परत पाठवताना रिळाचा शेवट बाहेरच्या बाजूला ठेवूनच पाठवल्या, घाईने उलट गुंडाळल्या नाहीत. ख च्या तपासणी कार्डावर तिन्ही सांधे फुटांसकट लिहिले, २१२ पुढे "टेप बदलली, फ्रेम गेलेली नाही, खेळात लूप गेला" असंही. हे लपवलं तर पुढचा ऑपरेटर त्याच जागी अडकेल.

खेळ संपल्यावर तीन घरांतून डबे आले. एकात सुपर ८ निघालं, कडेला आवाजाची चुंबकीय पट्टी असलेलं. ते साध्या ८ च्या प्रोजेक्टरवर चढवलं असतं तर छिद्रांचा मेळच बसला नसता. दुसरा डबा गंजून बसला होता. तिसऱ्याला तोच सिरक्याचा वास. मालक म्हणाले, "घरी प्रोजेक्टर आहे, आज रात्री लावून बघतो." त्यांना आधी १०० छिद्रं मोजून दाखवली. साध्या ८ ची १०० छिद्रं ३८१ मि.मी. भरायला हवीत, ही ३७६ भरली. डबा बंद केला, वर पेन्सिलीने नाव आणि अंदाजे साल लिहिलं, आणि घरच्या लोखंडी कपाटातून, जिथे दुपारची उन्हं लागतात, तो आतल्या खोलीतल्या सगळ्यात खालच्या फळीवर हलवायला सांगितलं.